जेवणाचा वॉर्म-अप

वाइसिना, सवाई बेट
शाळा सुटल्यावर, फळा पुसून लगेच

आदरणीय आणि लाडक्या सिएनी मावशीला, तुझ्या फेतुआओचा मान वाकवून नमस्कार आणि दोन्ही गालांवर एकेक पापा.

देवाच्या दयेनं इथं आम्ही सगळे धडधाकट आहोत. तिकडे ऑकलंडच्या थंडीत तू, काका आणि तुझा डावा गुडघा असे तिघंही ठीक असाल अशी आशा करते. गुडघ्यासाठी मी फोनवर सांगितलेला व्यायाम करतेस ना? (आई म्हणते, करत नाहीस. आई म्हणते, फोन ठेवायच्या आधीच तू हसायला लागलीस आणि ते तिला ऐकू आलं.) काकांची साखर कशी आहे? त्यांना सांग, चहात तीन चमचे साखर घालून वर गोळी घेणं म्हणजे होडीला भोक पाडून वाटीनं पाणी उपसणं. हे मी नाही, माझ्या आठवीच्या वर्गानं सांगितलंय. इथं सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी हल्ली तेच करतात.

फोन सोडून मी पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. अगं, आपल्या घराला भिंती नाहीत हे विसरलीस का? फोनवर मी "मावशी, एक अडचण आहे" एवढं म्हटलं, की तीन घरं पलीकडून लोक ती अडचण सोडवायला येतात, आणि येताना स्वतःची चटई घेऊन येतात. म्हणून हे पत्र गुरुवारच्या विमानानं तिकडे येणाऱ्या लेऊताच्या हाती देतेय. तिनं न फोडण्याची शपथ घेतलीय. (लेऊता, तुझ्याबद्दल यात काही नाहीये, पुढं वाचू नकोस.)

तर मावशी, बातमी! मी सातवी-आठवीची व्यायाम आणि आरोग्य या विषयाची टीचर झाले! खरीखुरी! गळ्यात शिट्टी! रोज एक अख्खा तास! आपल्या शाळेत हा विषय पहिल्यांदाच आलाय आणि पहिली टीचर मी! पण एक मेख आहे. हा तास आधी गणिताचा होता. आमचे हेडमास्तर तोआलेपाई सर शाळा समितीकडे गेले तेव्हा समितीचे अध्यक्ष सेउपूले आजोबा (आपल्या गावाच्या वतीनं बोलणारे वक्ते, तेच, अजूनही तेच) त्यांना म्हणाले, "सर, ही पोरं शाळेत यायच्या आधी लाकडं फोडतात, डुकरांना खायला घालतात, मळ्यातून अळूचे कंद खांद्यावरून आणतात. त्यांना वॉर्म-अप? अहो, ती गार झालीच कधी?" समिती इतकी हसली की त्या दिवशी दुसरा कुठलाच विषय झाला नाही. शेवटी असं ठरलं की एक सत्र हा तास मला द्यायचा. सत्राच्या शेवटी सालेपुगा शाळेबरोबर किलिकितीची, आपल्या बेटावरच्या क्रिकेटची, मॅच. आपण जिंकलो तर तास वर्षअखेरपर्यंत पक्का. हरलो तर तास परत गणिताला, आणि मी बालवर्गाला गाणी म्हणायला. आता सालेपुगाला आपण शेवटचं कधी हरवलं हे मी गावात विचारलं, तर लोकांनी विषय बदलला.

पण मी घाबरले नाही हं! पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाला मैदानात उभं केलं. नियम एकदम सोपा सांगितला: शिट्टी वाजली की थांबायचं. आणि वाजवली. मावशी, अख्खा वर्ग नाचायला लागला! टाळ्या, उड्या, ठेका, सगळं. बरोबरच आहे ना, किलिकितीत पुढारी शिट्टी फुंकतो तेव्हा टीम नाचतेच, त्यांनी जन्मापासून तेच पाहिलंय. मी घाबरून परत वाजवली, तर आजूबाजूच्या घरांतल्या आज्याही उठून नाचायला लागल्या. ट्रेनिंग कॉलेजात हे कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून थांबवायचं असेल तर मी शिट्टी खिशात घालते, मग मुलं बिचारी घाबरून थांबतात.

आरोग्याच्या तासाला मी नाडी मोजायला शिकवली. सगळ्यांना सापडली, पेलेनातोला सापडेना. (पेलेनातो म्हणजे गोरा ढब्बू, बसड्रायव्हरचा मुलगा.) त्यानं एक मनगट बघितलं, दुसरं बघितलं, मग हुंदके देत म्हणाला, "मिस, मी गेलो वाटतं." त्याची आजी तेलाची बाटली घेऊन धावत आली आणि मलाच ओरडली, "अगं ए, सकाळी चांगला चार तळलेले गोड पानिकेके खाऊन आला होता माझा नातू, तू काय केलंस त्याचं?" शेवटी मानेपाशी नाडी सापडली. तो इतका खूश झाला की दुसऱ्या दिवसापासून वर्गानं गावाच्या नाड्या बघायचं काम हाती घेतलं. सेउपूले आजोबा समितीच्या बैठकीत डोळे मिटून बसले होते तेव्हा आमची वाइओला (आठवीतली, माझी सगळ्यात जोरात मारणारी बॅटर) हळूच त्यांचं मनगट धरून बसली आणि मोठ्यांदा म्हणाली, "चालू आहे!"

मग मी शिकवलं जेवणाचं माप. जेवढी आपली मूठ तेवढाच कंद, जेवढा आपला तळहात तेवढंच मांस. आता घरात वाढायचं काम मुलांचंच, त्यामुळे त्याच संध्याकाळी घराघरात मोजणी सुरू झाली. आई म्हणते, सोलेमा काकूंच्या ताटात (त्या पाद्रींच्या बायको, आणि आपल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष) त्यांच्याच भाचीनं लिंबाएवढा कंद ठेवला, तर त्या म्हणाल्या, "हा नमुना आहे का? बाकीचा कधी येतोय?" आणि सेउपूले आजोबांची मूठ म्हणजे तुला माहितीये, फणसाएवढी. त्यांना मापानं आधीपेक्षा जास्त मिळायला लागलं. म्हणाले, "विज्ञान वाईट नाही."

इथपर्यंत सगळं मस्त चाललं होतं. आता खरी चूक सांगते. हसू नकोस. बरं, हस.

मॅचच्या जेवणाची व्यवस्था मी मागून घेतली! मला वाटलं, आरोग्याची टीचर मी, तर त्या दिवशी तरी डुक्कर आणि खारट मांसाचे ते पिसुपोचे डबे नकोत, दोन शाळांच्या मुलांसमोर आदर्श जेवण ठेवू. पपईच्या फोडी, प्रत्येकी मूठभर कंद, तळहाताएवढा मासा, शहाळ्याचं पाणी. सोलेमा काकू म्हणाल्या, "पोरी, पाहुण्यांना मोजून वाढायचं?" मी म्हटलं, "काकू, मोजून नाही, बॅलन्स्ड." त्यांनी मंडळातल्या बायकांकडे पाहिलं, बायकांनी छताकडे पाहिलं, आणि काकू म्हणाल्या, "टीचर तू आहेस." मला वाटलं त्या तयार झाल्या. मावशी, आपल्याकडे बायका अशा पटकन तयार झाल्या की पळ काढायचा असतो हे मला कळायला हवं होतं.

मॅचच्या दिवशी सालेपुगा तीन बस भरून आलं. मुलं, टीचर, आईबाप, चर्चचं गाणारं मंडळ आणि त्यांचे वक्ते, हातात काठी, खांद्यावर माश्या वारायचा मानाचा झुपका. बॅटिंग आधी आपली. आणि काय खेळली गं पोरं! सगळा वर्ग खेळला. (मी आधी अकराच निवडले होते. त्या संध्याकाळी निवड न झालेल्यांच्या आया माझ्या घरासमोर येऊन नुसत्या बसल्या. सकाळी मी सगळे निवडले.) वाइओलानं पहिलाच चेंडू समुद्रात घातला. पेलेनातो जाडा असून असा पळाला की त्याचा कमरेला गुंडाळलेला लावालावा मागं राहिला आणि तो पुढं. आज्या नाचल्या, तोआलेपाई सर नाचले, मी शिट्टी फुंकून फुंकून गाल दुखवून घेतले. एवढा स्कोअर आपला कधी झाला नव्हता. मग जेवणाची सुट्टी झाली.

आमच्या मुलांनी पानं मांडली, पाहुण्यांना वाढलं, पंखे घेऊन माश्या वारायला बसली. पाहुण्यांनी पपई खाल्ली, मासा खाल्ला, मूठभर कंद खाल्ला. मला तर भरून आलं! सगळं कसं झटपट, हलकं, निरोगी. मग सालेपुगाचे वक्ते काठी टेकवत उठले. देवाचे आभार, आपल्या गावाच्या डोंगराचे आभार, विहिरीचे आभार, आणि मग म्हणाले, "आमच्या लेकरांनी आपली फळं चाखली. फार गोड. आता जेवणाची वाट बघतोय."

आणि मी, मावशी, मी मोठ्या उत्साहानं उभी राहून म्हणाले, "हेच जेवण होतं!"

पेलेनातोच्या आजीनं तोंडावर पदरासारखा लावालावा घेतला. तू इतकी वर्षं तिकडं, तिकडच्या क्रिकेटची सवय झाली असेल, म्हणून आठवण करून देते: किलिकितीत यजमान गावाचं जेवण संपलं की यजमान गाव हरलं! धावा कितीही असोत! लहानपणापासून मला हे माहीत आहे. पण मी नियम वाचले कॉलेजच्या पुस्तकातून, आणि तिथं जेवणाचं पानच नाही. सालेपुगाचे वक्ते परत काठी सरसावून म्हणाले, "यजमानांकडे जेवण संपलं असेल, तर लाजायचं काही कारण नाही. रीत आपली सगळ्यांचीच आहे. मॅच..."

माझ्या डोळ्यांसमोर बालवर्ग आला. हातात हात घालून गाणं म्हणणारी ती चिमुरडी आणि मध्ये मी.

तेवढ्यात सेउपूले आजोबा उठले. हळूच, गुडघ्यावर हात ठेवून, आणि म्हणाले, "माफ करा, आमच्या मास्तरीणबाई अजून तरुण आहेत, नाव सांगताना चुकल्या. ते जेवण नव्हतं. तो वॉर्म-अप होता."

आणि बोलायला लागले! मावशी, वक्ता बोलत असताना दुसऱ्या वक्त्यानं मध्ये तोंड घालायचं नाही, ही रीत सालेपुगावाल्यांनी कधी मोडली नसती, त्यांचे वक्ते तर फार कडक. आजोबांनी काठी रोवली, घसा खाकरला आणि सुरुवात केली ती गावचा पहिला माणूस होडीत चढला तिथपासून. आणि एक डोळा माझ्याकडे. तो डोळा म्हणत होता, पळ.

मी शिट्टी फुंकली. (या वेळी कोणी नाचलं नाही. पोरांना कसं कळलं, देव जाणे.) अर्धा वर्ग मळ्याकडं, अर्धा डुकरांमागं. वाइओलानं मळ्यापासून भट्टीपर्यंत रांग लावली, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात कंदांच्या टोपल्या, आम्ही सरावात जशी चेंडूंची करायचो तशीच! कोणी नारळावर, कोणी दगड तापवायला. पेलेनातो एका डुकरामागं चर्चला दोन फेऱ्या मारून आला आणि मला म्हणाला, "मिस, आता नाडी बघा, आता सापडेल." सोलेमा काकू आल्या, मागं महिला मंडळ, प्रत्येकीच्या काखेत पिसुपोचे डबे. त्या सकाळीच तयार होत्या गं! केळीच्या पानांखाली सगळं झाकून ठेवलं होतं, अळूची पानं नारळाच्या दुधात भिजत घातली होती, भट्टीची लाकडंसुद्धा रचलेली. मी विचारलं, "काकू, तुम्हाला माहीत होतं?" त्या म्हणाल्या, "टीचर तू आहेस. पण यजमान आम्ही आहोत."

तिकडे आजोबा बोलतच होते. इकडे दगड तापले, डुक्कर गेलं, पानांनी भट्टी झाकली. आजोबा आता त्यांच्या आजोबांच्या आजोबांपर्यंत आले होते. भट्टीला वेळ लागतो तो लागतोच. तोआलेपाई सर सारखे येऊन भट्टीचा वास घेत होते आणि परत जाऊन मान आडवी हलवत होते, तसतसे आजोबा आणखी एक पूर्वज काढत होते. पाहुण्यांची मुलं पेंगायला लागली. शेवटी वास आला, सरांनी मान उभी हलवली, आणि आजोबांनी गोष्टीतलं चालू वादळ अर्ध्यावर सोडून एका वाक्यात होडी किनाऱ्याला लावली: "असे आम्ही इथं आलो. बसा, जेवा."

मग जे वाढलं! डुक्कर, कोंबडी, मासे, नारळाच्या दुधातल्या अळूच्या पानांची पालुसामी, कंदांचे डोंगर, पिसुपो, पानिकेके, वर कोकोची किटली. आमची पोरं वाढतायत, वारतायत, परत वाढतायत. पाहुण्यांनी नाही म्हणणं म्हणजे अपमान, त्यामुळे सालेपुगाची पोरं खातायत आणि खातायत. मी सोलेमा काकूंना हळूच म्हणाले, "काकू, बास ना आता, मुलांना अजून बॅटिंग करायचीय, आजारी पडतील." त्यांनी माझ्याकडे असं दया आल्यासारखं पाहिलं. "पोरी, पाहुण्याला एवढं वाढतात ते काय नुसतं प्रेमापोटी?"

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला, मावशी! आपली पोरं तर शेवटी जेवतात! त्यांच्या पोटात सकाळपासून पपईची एक फोड! जेवणानंतर सालेपुगा बॅटिंगला उतरलं ते उतरलंच नाही, ओघळलं. त्यांचा सगळ्यात जोरात मारणारा पोरगा चेंडू मारून जागच्या जागी बसला आणि म्हणाला, "धाव माझ्या वतीनं कोणीतरी काढा." आपली पोरं वाऱ्यासारखी! धडाधड विकेटी! आपण जिंकलो, मावशी, जिंकलो! सालेपुगाचे वक्ते जाताना सेउपूले आजोबांना मिठी मारून म्हणाले, "भाषण छान होतं, पण त्यातली निम्मी माणसं आमच्या गावची होती." आणि आजोबा म्हणाले, "तुमच्याकडं आलो की परत करू."

तास पक्का झाला. वर्षअखेरपर्यंत. आजोबा मला म्हणाले, "पोरी, तुझा व्यायाम चालू दे, डुक्कर पकडायला उपयोगी आहे." मी इतकी खूश आहे की हे पत्र उभ्यानं लिहितेय. सगळ्यांना माझं प्रेम सांग, थंडीत कान झाक, गुडघा वाकव, आणि रविवारी माझ्यासाठी प्रार्थना कर.

तुझीच उत्साही,
फेतुआओ

ता. क. प्रार्थनेचं कारण सांगायचं राहिलं. पुढच्या महिन्यात परतीची मॅच सालेपुगात आहे. म्हणजे पाहुणे आम्ही! ती मॅच बघून समिती पुढच्या वर्षीचं वेळापत्रक ठरवणार. आणि सालेपुगावाले आत्तापासून डुकरं मोजतायत असं पेलेनातोच्या वडिलांनी बसमध्ये ऐकलं. तर मावशी, आता खरं काम. सालेपुगाच्या महिला मंडळाची अध्यक्ष म्हणजे तुझी सख्खी नणंद, इलिसापेता. काकांना तिला फोन करायला लाव. म्हणावं, फेतुआओच्या पोरांना थोडंच वाढ. नाही तर ती धावू शकणार नाहीत आणि माझा तास जाईल. एवढं कर ना, प्लीज, प्लीज.

ता. क. दुसरं. वरचं लिहिल्यावर दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं. मोठी चूक. वाइओला उठून म्हणाली, "मिस, तुम्ही नक्की कोणत्या टीमच्या?" मला कळेना. मग ती म्हणाली, "घरी आधी पाहुणे जेवतात, मग आजोबा, मग बाबा, मग आई, आणि मग आम्ही, उरेल ते. जन्मात पहिल्यांदा आम्ही पाहुणे होणार, मिस. गरम गरम, पहिलं ताट. आणि तुम्ही फोन करून थोडं वाढायला सांगताय?" सगळा वर्ग माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मी त्यांचं घरच विकलं. मी म्हटलं, अरे, हरलो तर हा तास गणिताला जाईल. मग पेलेनातो म्हणाला, "मिस, गणिताच्या तासाला पोट भरलेलं असलं की झोप तरी चांगली लागते." आणि सगळ्यांनी मान हलवली, वाइओलानंसुद्धा. मला काय शिकवायचं होतं तेच मी विसरले, मग आम्ही सगळे बाहेर जाऊन पळालो.

ता. क. तिसरं आणि शेवटचं. तर पहिलं ता. क. खोडून टाक. काकांनी फोन करायचा, पण वेगळा. इलिसापेताला सांग, आमच्या पोरांना वाढ, भरपूर वाढ, हात आखडू नको. पण तिच्या गावच्या पोरांनाही त्याच पंगतीला, त्याच वेळी, तेवढंच गरम वाढ, आणि वाढायला, माश्या वारायला मोठी माणसं उभी राहू देत. दोन्ही टीम सारख्याच जड झाल्या की मग बघू कोण किती पळतं, मग हरले तरी मी हसत गणिताला तास देईन (नाही देणार, पण आत्ता तसं वाटतंय). ती नक्की म्हणेल की यजमानांच्या पोरांनी असं आधी बसायची आपल्यात पद्धत नाही. तेव्हा तिला फक्त विचार की ती सातवीत असताना तिच्या ताटात काय यायचं. मी आत्ताच आईला हे विचारलं. मला वाटलं तिला आठवायला वेळ लागेल. ती मासे साफ करता करता, वर न बघताच म्हणाली, "कोंबडीची मान. आणि तीही सिएनीबरोबर अर्धी."